घडीचा कागद आणि गल्लीचा नकाशा : पॅट्रिक गेडिस यांच्या दृश्य प्रतिमानांचा विचार

चेन्नईच्या उच्च न्यायालयाच्या आवारभिंतीवर एक स्मृतिशिला आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने शहरावर केलेल्या तोफमाऱ्याची ती खूण. भिंतीपलीकडे जॉर्ज टाउनच्या व्यापारी गल्ल्या सुरू होतात. याच नौकेने पुढच्या महिन्यात ‘क्लॅन ग्रँट’ हे जहाज बुडवले. त्यावर पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे जमवलेले नगररचनेचे प्रदर्शन मद्रासकडे निघाले होते. गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून आलेल्या गेडिस यांच्यासाठी ब्रिटनमधील स्नेह्यांनी नवे नकाशे व चित्रे धाडली आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये प्रदर्शन भरले. गेडिस यांचे खरे साधन मात्र जहाजाबरोबर बुडण्याजोगे नव्हते. ते होते एका कोऱ्या कागदाच्या घड्या.

या साधनाचा उगम १८७९ सालच्या मेक्सिकोत आहे. तेथे गेडिस यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत खिडकीच्या चौकटी हाताने चाचपताना त्यांना विचारांची मांडणी चौकोनांत करण्याची युक्ती सुचली. पुढे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ फ्रेदेरिक ल प्ले यांच्या स्थळ, काम व कुटुंब या त्रयीवरून त्यांनी ‘स्थळ, काम, लोक’ ही त्रयी सिद्ध केली. कागदाला घड्या घालून नऊ घरे पाडायची, कर्णरेषेवरील तीन घरांत या तीन संज्ञा लिहायच्या आणि उरलेल्या सहा घरांत त्यांच्या जोड्या भरायच्या. कामाचे स्थळ आणि स्थळामुळे घडणारे काम ही दोन घरे वेगळी राहतात. भूगोल, अर्थशास्त्र व मानववंशशास्त्र यांना एकमेकांसमोर बसवणारी ही चौकट होती. उत्तरकाळात तिचा विस्तार छत्तीस घरांच्या ‘जीवनाच्या आलेखा’त झाला आणि त्यात ग्रीक कलादेवतांनाही स्थान मिळाले.

चौकटीमागच्या दृष्टीचा कस लागला तो तंजावरात. १८५५ पर्यंत भोसले घराण्याची राजधानी असलेल्या या नगरातील किल्ल्याच्या परिसरात दाट वस्ती होती. त्या काळच्या आरोग्यविषयक सुधारणेची रूढ रीत म्हणजे वस्ती फोडून सरळ रस्ते काढणे. गेडिस गल्लोगल्ली पायी हिंडले. मद्रास इलाख्यातील नगरांवरील १९१५ च्या अहवालात त्यांनी पाडापाडीला पर्याय म्हणून ‘जपणूक करणारी शस्त्रक्रिया’ मांडली : मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, मोकळ्या जागा जोडाव्यात, झाडे लावावीत, बाकी वस्ती राखावी. अभियंत्याच्या आराखड्यात ज्या घरांना केवळ अडथळ्याची किंमत होती, ती गेडिस यांच्या नकाशात ‘लोक’ या संज्ञेखाली आली. कोणाचे घर वाचायचे हा प्रश्न अशा रीतीने आधी चित्रणाचा प्रश्न ठरला.

ही चौकट जॉर्ज टाउनला लावून पाहिली तर तिचे बळ आणि मर्यादा दोन्ही दिसतात. या भागाचे जुने नाव ‘ब्लॅक टाउन’. विसाव्या शतकाच्या आरंभी ते बदलून राजनामावरून नवे नाव दिले गेले. दोन्ही नावे राज्यकर्त्यांनी दिलेली आहेत. तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळ मंदिरात मात्र वेगळी स्मृती नांदते : दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी येथे दर्शन घेतले अशी परंपरा आहे. मोजणीच्या नकाशाला ही कथा दिसत नाही. नऊ घरांच्या कागदावर ‘स्थळ’ आणि ‘लोक’ यांच्या जोडीत तिला जागा मिळते. पण ती इतिहास म्हणून स्वीकारावी की श्रद्धा म्हणून, हा निर्णय चौकट देत नाही. तो कागदपत्रांच्या चिकित्सेकडेच मागावा लागतो.

१९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. मालवणचे गो. स. घुर्ये त्यांच्याच शिफारशीने इंग्लंडला गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी विभागाची धुरा घेतली. घुर्ये यांचा मार्ग मुख्यतः ग्रंथप्रामाण्य व मानववंशशास्त्र यांचा राहिला. घड्यांचा कागद मुंबईत रुजला नाही. गेडिस शेजारी उभे राहून उलगडून सांगत तोवरच तो बोलका होता.

सात दशकांनंतर संगणकशास्त्राने याच अडचणीला वेगळे उत्तर दिले. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन यांच्या तीन पद्धतींच्या तीन चिन्हव्यवस्था होत्या. त्या एकत्र आणणारी ‘युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज’ १९९७ मध्ये प्रमाण ठरली. आता आकृती काढणारा समोर नसला तरी ती वाचता येते. मात्र प्रमाणित चिन्ह ज्याला नाही, ते आकृतीत उतरत नाही.

फ्रँको मोरेत्ती यांनी २००५ मध्ये आलेख, नकाशे व वृक्ष ही प्रतिमाने साहित्येतिहासात मांडली, तेव्हा तौलनिक अभ्यासकांपुढेही हाच पेच आला. प्रतिमान निरनिराळ्या पद्धतींना एका कागदावर आणते, त्यांच्यातील वाद मिटवत नाही. म्हणूनच भरलेल्या घरांइतकीच रिकामी घरे वाचावी लागतात. तंजावरच्या गल्ल्यांत गेडिस कागद घेऊन पायी हिंडले, ते याच वाचनासाठी.