मनोविश्लेषण, पश्चिम किनाऱ्यावरील

अबोध मनात दडपलेल्या इच्छा व बालपणीचे आप्तसंबंध यांचा शोध घेऊन मनोविकारांवर उपचार करण्याची पद्धती म्हणजे मनोविश्लेषण. तिचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९). भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यास इंडियन सायकोॲनॅलिटिकल सोसायटी स्थापन केली. यूरोपीय रुग्णांवरून बांधलेले सिद्धांत भारतीय कुटुंबाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, अशी बोस यांची धारणा होती व ती त्यांनी पत्रांतून फ्रॉइड यांना कळविलीही.

मुंबईत ही विद्या रुजली ती काहीशी यूरोपातील छळामुळे. १९३८ मध्ये इटलीत ज्यूविरोधी कायदे झाल्यावर एमील्यो सेर्व्हाद्यो हे मनोविश्लेषक भारतात आले. त्यांच्या सहभागाने १९४५ च्या सुमारास कलकत्त्याच्या संस्थेची मुंबई शाखा उभी राहिली. या उपचारात रुग्ण मनात येईल ते बोलत जातो. आईवडिलांविषयीचे जुने राग-लोभ नकळत उपचारकावर लादतो आणि त्या नात्यातूनच गाठ उकलू लागते. उपचार वर्षानुवर्षे चाले. साहजिकच त्याचा लाभ शहरातील सुशिक्षित व सधन वर्गापुरता राहिला.

खाडीपलीकडील कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यात गृहकलह, अपत्यहीनता, अंगात येणे अशा तक्रारी भगताकडे वा देवस्थानी नेण्याची रीत होती. सुनेला एरवी जे बोलता येत नसे, ते वारे आल्यावर बोलता येई आणि घरच्यांना ते ऐकावे लागे. मात्र या रीतीचा गौरव करणे धोक्याचे आहे: मारहाण व वैद्यकीय उपचारांतील दिरंगाई हेही तिचेच अंग होय. राज्याने २०१३ मध्ये अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला.

या दोन परंपरांची तुलना सुधीर कक्कर (१९३८–२०२४) यांनी केली. उत्तरायुष्यात त्यांचे वास्तव्य गोव्यात होते. शमन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स (१९८२) या ग्रंथात ते दाखवितात, की पाश्चात्त्य विश्लेषक एकट्या व्यक्तीचे अंतर्मन पाहतो, तर देशी उपचारक आप्त, पितर व देवता यांच्याशी बिघडलेले नाते सांधू पाहतो. इंटिमेट रिलेशन्समध्ये (१९८९) त्यांनी दिल्लीच्या झोपडवस्तीतील स्त्रियांची मनोगते अभ्यासली. मारझोड सोसणाऱ्या या स्त्रियांच्या बोलण्यातही, सासरच्या गोतावळ्यातून बाजूला होऊन पतीसह दोघांचेच एक जग असावे, ही इच्छा त्यांना वारंवार आढळली.