भाड्याचा माळा : कुलूप कोणाचे, जबाबदारी कोणाची?

विरार पश्चिमेकडील आगाशी, बोळिंज, नानभाट हा पट्टा एके काळी केळी, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्यांसाठी ओळखला जाई. आता बोळिंजची ओळख उंच इमारतींनी होते. म्हाडाच्या कोकण मंडळाने येथे हजारो घरांची वसाहत उभारली. पाण्याच्या प्रश्नामुळे त्यांतील अनेक सदनिका बराच काळ विक्रीविना पडून राहिल्या. सूर्या प्रादेशिक योजनेचे पाणी शहराला मिळू लागल्यानंतर त्या भरू लागल्या. मुंबईतील चाळीतून किंवा पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीतून अशा सदनिकेत येणाऱ्या कुटुंबापुढे पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न उभा राहतो. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीलाही माळा असे आणि त्यावर दोन पिढ्यांचे सामान मावत असे. नव्या सदनिकेत फरशी चकचकीत आहे, माळा मात्र नाही.

मग लोखंडी कपाट जिन्याखाली जाते, गणपतीचे मखर लिफ्टच्या खोलीबाहेर, आजीचे तांब्या-पितळेचे हंडे गच्चीच्या दारामागे. सोसायटीची नोटीस येईपर्यंत हे चालते. नोटीस योग्यच असते, कारण आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग अडविणे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ च्या हेतूलाच छेद देणारे आहे. अशा वेळी ‘सेल्फ स्टोरेज’ची जाहिरात नजरेस पडते. स्वतंत्र खोली, स्वतःचे कुलूप, चोवीस तास कॅमेरे, हवे तेव्हा या आणि सामान न्या.

ही कल्पना अमेरिकेतली. टेक्सास प्रांतात १९६० च्या दशकात गॅरेजसारख्या दारांच्या रांगा बांधून त्या महिन्याच्या भाड्याने देण्याचा धंदा सुरू झाला आणि पुढे जगभर पसरला. मुंबई, पुणे, बंगळुरू येथे तो दोन रूपांत दिसतो. पहिल्यात ग्राहक खोली भाड्याने घेतो, कुलूप स्वतःचे लावतो आणि आत काय ठेवले हे कंपनीला ठाऊक नसते. दुसऱ्यात कंपनीची माणसे घरी येतात, सामान बांधतात, यादी करतात आणि आपल्या गोदामात ठेवतात. ग्राहकाला तेथे सहसा जावे लागत नाही. जाहिरातीत दोन्हींचे नाव एकच असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ताबा कोणाकडे?

भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये ‘निक्षेप’ ही संकल्पना आहे. एखादी वस्तू ठरावीक हेतूने दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि हेतू पूर्ण झाल्यावर ती परत मिळणे, असा हा व्यवहार. कलम १५१ नुसार वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावयाची असते. कलम १५२ नुसार, तेवढी काळजी घेऊनही वस्तू नष्ट झाली, तर वेगळा करार नसल्यास तो जबाबदार नसतो.

कंपनीने यादी करून सामान नेले, तर ते तिच्या ताब्यात गेले हे सिद्ध करणे सोपे. कुलूप ग्राहकाचे, किल्ली ग्राहकाची आणि आतील वस्तू कंपनीला अज्ञात, अशा स्थितीत मात्र ‘आम्ही फक्त जागा दिली’ हा बचाव उभा राहतो. बँकांच्या लॉकरबाबत हाच वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला. आत काय आहे हे बँकेला माहीतच नसते, म्हणून निक्षेप होत नाही, अशी भूमिका काही निकालांत घेतली गेली होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९ फेब्रुवारी २०२१ च्या निकालाने या वादाला वेगळे वळण दिले. कोलकात्यातील एका ग्राहकाचा लॉकर युनायटेड बँक ऑफ इंडियाने भाडे थकल्याचे कारण देऊन, पूर्वसूचना न देता फोडला होता. भाडे भरले गेले होते. सातपैकी दोनच दागिने परत मिळाल्याची ग्राहकाची तक्रार होती. न्यायालयाने पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि निक्षेप असो वा नसो, लॉकरची काळजी घेण्याचे कर्तव्य बँकेला टाळता येणार नाही असे बजावले. रिझर्व्ह बँकेने सहा महिन्यांत नियम करावेत, असेही सांगितले.

ते नियम १८ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत, म्हणजे दोन हजार रुपये भाडे असेल तर दोन लाखांपर्यंत. ये-जा टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे चित्रण किमान १८० दिवस जपायचे. लॉकर उघडला गेला की त्याच दिवशी ग्राहकाला ई-मेल व एसएमएस. भाडे सलग तीन वर्षे थकल्याशिवाय त्या कारणावरून लॉकर फोडायचा नाही आणि फोडताना सूचना, साक्षीदार व चित्रण हवे.

घरगुती सामानाच्या भाड्याच्या खोल्यांवर रिझर्व्ह बँकेसारखा नियामक नाही. तेथे करारपत्र हेच सर्वस्व आहे. परंतु लॉकरचे नियम हातात धरून त्या करारपत्राकडे पाहता येते आणि विचारता येते. चित्रण किती दिवस राहते? खोलीच्या दारापर्यंत कोण गेले याची नोंद ग्राहकाला मिळते का? नुकसानीची कमाल रक्कम किती लिहिली आहे? अनेक करारपत्रांत ही रक्कम महिन्या-दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच असते आणि ती बारीक अक्षरांत असते. चकचकीत माहितीपत्रकात कॅमेऱ्याचे छायाचित्र मोठे असते, हे कलम नसते.

धोका शेजारच्या गाळ्यातून

दाराच्या कुलपाची चर्चा फार होते, भिंतीची कोणी करीत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे चोरट्यांनी जवळचा गाळा भाड्याने घेऊन तेथून बँक ऑफ बडोदाच्या शाखेपर्यंत भुयार खणले आणि सुमारे ३० लॉकर फोडले. लंडनमधील लेटन भागात मे २००४ मध्ये मोमार्ट या कंपनीचे गोदाम जळाले आणि नामवंत चित्रकारांच्या कलाकृतींची राख झाली. ती आग मोमार्टमध्ये लागलेली नव्हती. त्याच औद्योगिक वसाहतीतील दुसऱ्या गाळ्यात चोरी झाल्यानंतर ती भडकली आणि पसरत आली.

खोल्यांमधील पार्टिशन पत्र्याचे असेल, तर ते छतापर्यंत गेले आहे की वर जाळीच आहे, हे मान वर करून पाहावे. शेजारच्या भाडेकरूची ओळखपत्रे घेतली जातात का, हेही विचारावे. आपल्याकडे आधार व पॅन मागितले की ग्राहकाला कटकट वाटते. पण तीच कटकट शेजाऱ्यालाही आहे, यातच सुरक्षितता आहे.

आगीचा विषय मात्र चोरीपेक्षा गंभीर. हाँगकाँग मुंबईसारखेच दाटीवाटीचे शहर आणि तेथील घरेही लहान. त्यामुळे जुन्या औद्योगिक इमारतींत लहान खोल्यांची साठवणगृहे सर्रास उभी राहिली. २१ जून २०१६ रोजी न्गाऊ ताऊ कोक भागातील अशाच एका इमारतीत आग लागली. ती विझायला १०८ तास लागले आणि दोन अग्निशमन जवानांचा मृत्यू झाला. इमारत जुनी असल्याने तुषार-सिंचनाची यंत्रणा नव्हती. अरुंद बोळ, एकाला एक लागून धातूच्या खोल्या आणि प्रत्येक दाराला कुलूप. जवानांना धुरात एकेक दार फोडून आत शिरावे लागत होते. जे कुलूप चोराला अडविते, तेच पाण्याच्या फवाऱ्यालाही अडविते. लंडनजवळील क्रॉयडन येथे ३१ डिसेंबर २०१८ रोजी शुरगार्ड कंपनीच्या साठवणगृहातील आगीत सुमारे बाराशे खोल्यांतील सामान भस्मसात झाले.

महाराष्ट्रात तपासणीचा मार्ग सोपा आहे. २००६ च्या अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावयाचे असते. साठवणगृहाच्या व्यवस्थापकाकडे शेवटचे प्रमाणपत्र मागावे. ते दाखविण्यास टाळाटाळ झाली, तर कॅमेऱ्यांची संख्या मोजण्याची गरज उरत नाही. गॅस सिलिंडर, पेट्रोल, रंग, थिनर, फटाके आणि इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी ठेवण्यास मनाई आहे का आणि ती कोणी तपासते का, हा त्यापुढचा प्रश्न.

ओल, वाळवी आणि वाट

वसई-विरारच्या पावसाळ्यात चोरापेक्षा बुरशी अधिक निश्चितपणे येते. किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. बंद खोलीतील गादी, पुस्तके, लग्नाचे अल्बम आणि शालू यांना ती पुरेशी असते. जुलै २०१८ मध्ये शहरातील अनेक वसाहती पाण्याखाली होत्या आणि नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडाल्याने विरारची लोकल बंद पडली होती. म्हणून तळमजल्यावरील गाळा घेताना शेजारच्या दुकानदाराला एकच गोष्ट विचारावी. त्या वर्षी पाणी कुठवर आले होते? भिंतीवरील डाग रंगाने झाकता येतो, दुकानदाराची आठवण झाकता येत नाही.

सामान जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर किंवा प्लास्टिकच्या पॅलेटवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. फ्रिज आणि वॉशिंग मशीन पूर्ण कोरडी करून दार किंचित उघडे ठेवून द्यावीत. वाळवीची औषधफवारणी केव्हा होते याची तारीख लेखी मागावी. तांब्या-पितळेची भांडी वर्तमानपत्रात न गुंडाळता कोरड्या सुती कापडात गुंडाळली, तर डाग कमी पडतात. दागिने, खरेदीखत, मृत्युपत्र आणि मूळ प्रमाणपत्रे अशा खोलीत ठेवूच नयेत. त्यांची जागा बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

सोयीचा हिशेबही कागदावर करून पाहावा. बोळिंजच्या रहिवाशाला गोदामांचा मोठा पट्टा रेल्वेच्या पलीकडे, वालीव, कामण, चिंचोटी ते भिवंडी या बाजूला सापडतो. पावसाळ्यात चिंचोटी-भिवंडी रस्त्याची अवस्था टेम्पोचालक सांगतील ती ऐकण्यासारखी असते. चोवीस तास प्रवेशाची सोय वर्षातून दोनदा जाणाऱ्याला फारशी उपयोगाची नाही. गणपतीच्या आदल्या रविवारी मखर मिळेल की नाही, हे त्याच्यासाठी महत्त्वाचे. कंपनीने सांभाळलेल्या गोदामात एक पेटी मागविण्यासाठी किती दिवस आधी कळवावे लागते आणि प्रत्येक वेळी वेगळे शुल्क आहे का, हे आधीच ठरवावे. भाड्यावर १८ टक्के जीएसटी, अनामत रक्कम, बांधणी आणि वाहतूक धरली, तर जुन्या दिवाणाचे दोन वर्षांचे भाडे अनेकदा नव्या दिवाणाच्या किमतीपलीकडे जाते.

विम्याबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. घरातील सामानाचा विमा साधारणपणे पॉलिसीवरील पत्त्यापुरता असतो. सामान दुसरीकडे हलविले की संरक्षण थांबते. साठवणगृह ‘विमा आहे’ म्हणते, तेव्हा तो इमारतीचा आहे की ग्राहकाच्या सामानाचा, हे पॉलिसीची प्रत पाहिल्याशिवाय कळत नाही. सामान देताना प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, अंदाजे किंमत आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांची यादी असली, तर दावा करताना वाद कमी होतो.

करारातील आणखी एक कलम भाडे थकल्यावरचे. सामान अडवून ठेवण्याचा आणि काही महिन्यांनी ते विकण्याचा हक्क कंपनी येथे राखून ठेवते. परगावी किंवा परदेशी असलेल्या ग्राहकाचा मोबाइल क्रमांक बदललेला असतो, बँकेचा आपोआप भरणा बंद पडलेला असतो आणि सूचना जुन्या पत्त्यावर जाते. पुनर्विकासात गेलेली इमारत असेल, तर तो पत्ताच जमीनदोस्त झालेला असतो. म्हणून सूचनेसाठी दुसऱ्या नातेवाइकाचे नाव व क्रमांक करारात घालून घ्यावा आणि विक्रीपूर्वी किती दिवसांची लेखी नोटीस मिळेल, तो आकडा लिहून घ्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार एकतर्फी, अन्याय्य कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. सेवेतील त्रुटीची तक्रार मात्र रकमेनुसार जिल्हा आयोगाकडेही करता येते आणि त्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. ग्राहक जेथे राहतो वा काम करतो, तेथील आयोगाकडे ती दाखल होते.