चॅट-स्क्रिप्ट
टेलिफोन तारेवरून इंटरनेटची डायल-अप जोडणी आपोआप करून देणारी आज्ञावली. लिनक्स व युनिक्स प्रणालींत पीपीपीडी हा प्रोग्राम मोडेमशी संवाद साधण्याचे काम ‘चॅट’ या साहाय्यक प्रोग्रामकडे सोपवतो. स्क्रिप्टमध्ये अपेक्षित उत्तर आणि त्यावर पाठवायचा मजकूर अशा जोड्या क्रमाने लिहितात. ‘एटीझेड’ने मोडेम पूर्वस्थितीत येतो; ‘ओके’ मिळताच ‘एटीडीटी’ व दूरध्वनी क्रमांक जातो आणि ‘कनेक्ट’ची प्रतीक्षा होते. ‘बिझी’ किंवा ‘नो कॅरिअर’साठी ‘ॲबॉर्ट’ची सूचना लिहिलेली असल्यास प्रयत्न तेथेच थांबतो. उत्तराची मूळ कालमर्यादा ४५ सेकंद असून ‘टाइमआउट’ने ती बदलता येते. ‘कनेक्ट’ मिळाल्यानंतर पॅप किंवा चॅप पद्धतीने वापरकर्त्याची ओळख पटवली जाते. परवलीचा शब्द असलेली फाईल फक्त रूट वापरकर्त्याला वाचता येईल अशीच ठेवावी. पीपीपीडीच्या ‘पर्सिस्ट’ पर्यायामुळे तुटलेली जोडणी पुन्हा जोडण्याचा प्रयत्न होतो.