गीतारहस्यातला डार्विन आणि रायपूरचे सप्रे

शाळेत उत्क्रांती शिकवावी की देवाने घडवलेली सृष्टी, हा वाद निघाला की सगळे अमेरिकेकडे बोट दाखवतात. १९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला भरला होता. पण आज आपण जाणार आहोत रायपूरला.

रायपूर ही माधवराव सप्र्यांची कर्मभूमी. घर मराठी, लेखणी हिंदी. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक काढलं. पुढे दासबोध हिंदीत नेला आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ही.

‘गीतारहस्य’ लिहिलं गेलं मंडालेच्या तुरुंगात, छापून आलं १९१५ साली. सृष्टी कशी उभी राहिली हे सांगताना टिळक त्यात सांख्यांच्या प्रकृतीशेजारी डार्विन आणि हेकेल यांची मतं ठेवतात. हेकेलचा जडवाद त्यांना मान्य नाही. पण तो खोडण्याआधी वाचकाला समजावून सांगतात. आपल्या शास्त्रार्थाची रीतच ती: आधी पूर्वपक्ष, मग उत्तर. सप्र्यांच्या अनुवादामुळे हा डार्विन गीतेवरच्या ग्रंथातून हिंदी घरांत पोचला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. सांख्यदर्शन म्हणजे डार्विन नव्हे. पिल्लांमध्ये थोडाथोडा फरक असतो, परिस्थितीला जुळणारी अधिक तगतात, त्यांचे गुण पुढच्या पिढीत वाढतात, ही नैसर्गिक निवड. ती जीवाश्मांवर, जनुकांवर तपासता येते. म्हणून तिची जागा विज्ञानाच्या तासाला.

आता शंभर वर्षं पुढे या. जानेवारी २०१८, औरंगाबाद. तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विन चूक आहे, अभ्यासक्रम बदलायला हवा. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून विरोध केला. धडा तेव्हा वाचला. पुढे करोनाकाळात अभ्यासाचं ओझं कमी करायचं म्हणून एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला. एप्रिल २०२३मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं. उत्तर आलं, बारावीच्या जीवशास्त्रात आहे की!

आहे, खरं. पण दहावीनंतर कॉमर्स, आर्ट्स घेणाऱ्या मुलीचं काय? तिला तो धडा कधीच भेटणार नाही. आपल्या महाराष्ट्राच्या दहावीत ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा होता. मग तीच मराठी घरातली मुलगी वडिलांच्या बदलीने रायपूरच्या सीबीएसई शाळेत गेली, तर तिने तो विसरायचा का?

आणि रायपूरला तर पुरावा पायाखाली आहे. आसपासच्या चुनखडीत अतिप्राचीन सूक्ष्मजीवांनी रचलेले थर दिसतात. मास्तरांनी मुलांना एकदा खाणीवर न्यावं.

टिळकांनी न पटणारं मतही वाचकापासून लपवलं नाही. सप्र्यांनी अनुवादात ते गाळलं नाही. मग पंधरा वर्षांच्या मुलांपासून आपण का लपवावं? विचार करा. पुढच्या भागात भेटू.