रानडुक्कर आणि ठासणीची बंदूक
शिकारीचा इतिहास आपण बहुधा राजवाड्याच्या भिंतीवरच वाचतो. दाजीपूरचे जंगल हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान. १९५८ साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. रानालगतच्या शेतकऱ्याला मात्र रानडुक्कर म्हणजे शिकार नव्हे, पिकाचा वैरी. रायफल त्याच्या ऐपतीबाहेरची. १९५९च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी परवाना देताना विचार केला तो नळीच्या तोंडातून दारू भरायच्या, स्वस्त अशा ठासणीच्या बंदुकीचा. पुढे १९७२च्या वन्यजीव कायद्याने, बंदूक हाती असली तरी ती डुकरावर झाडण्यास परवानगी आवश्यक ठरली. राजांचा खेळ संपला. शेताची राखण संपली नाही. म्हणूनच शिकारकथा वाचताना आम्हांला माळ्यावर रात्र जागवणारा तो राखणदार अधिक मोलाचा वाटतो.