लेन्सचा धाकटा आकडा

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते, तेव्हा कॅमेरेवाल्यांची ओळख नावाने नंतर होते, आधी ‘कितीची?’ असं विचारलं जातं. उत्तर सहाशे आलं तर मान डोलते. चारशे आलं तर ‘चालेल हो, तीही चालते’ अशी समजूत काढली जाते. जितकी लांब पल्ल्याची लेन्स तितका वन्यजीवांचा फोटो चांगला, हे मत इतकं रुळलं आहे की १५०-६०० किंवा २००-६०० असं लिहिलेल्या झूम लेन्सचा नवखा माणूस फक्त थोरला आकडा वाचतो. माझं म्हणणं उलट आहे. आपल्या व्याघ्र प्रकल्पांत जाणाऱ्याने आधी धाकटा आकडा पाहावा.

पूर्वपक्ष कच्चा नाही, म्हणून तो नीट मांडू. ६०० मिमी एफ ६.३ लेन्सचं प्रकाश घेणारं तोंड साधारण ९५ मिमी पडतं, ४०० मिमी एफ ५.६ चं ७१. क्षेत्रफळाने पाहिलं तर प्राण्याकडून येणारा प्रकाश पहिली लेन्स पावणेदोन पट गोळा करते. त्यामुळे ‘चारशेने काढा आणि घरी क्रॉप करा’ हा सल्ला अर्धाच खरा. ४५ मेगापिक्सेलच्या फोटोतून सहाशेइतका भाग कापला तर २० मेगापिक्सेल उरतात आणि ए३ छपाईला ते पुरतात. पण पहाटेच्या उजेडात नॉइज जास्त दिसतो, पार्श्वभूमीही तेवढी विरघळत नाही. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात माळावर दूर उभा असलेला चिंकारा असो की काट्यावर बसलेला बोटभर पक्षी, तिथे सहाशेवाल्यांशी माझं भांडणच नाही.

वाघाचा हिशेब मात्र निराळा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गाडीने प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखायचं असतं. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद. ६०० मिमीवर २० मीटर अंतराला चौकटीत मावतं ते १.२ मीटर रुंद आणि ८० सेंमी उंच एवढंच. वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेतीन मीटरच्या आसपास, खांद्याशी जवळजवळ मीटरभर उंच. समोरून चालत येणारा वाघ कॅमेरा उभा धरून कसाबसा बसवता येतो. पण तो वाटेत थबकला, बुंध्याकडे वळला आणि हद्द राखायला शेपटी उभारून फवारा मारू लागला, की चौकटीत उरतो नुसता पट्ट्यापट्ट्यांचा कुशीचा तुकडा. २०० मिमीवर तेवढ्याच अंतराला ३.६ मीटर मावतात: अख्खा वाघ, शेपटी, बुंधा आणि थोडा बांबूही.

शिवाय २० मीटरचा नियम गाडीने पाळायचा असतो, वाघाने नव्हे. तो सरळ चालत येतो आणि आठ मीटरवरून निघून जातो. तिथे २०० मिमीलासुद्धा जेमतेम दीड मीटर मावतं, १०० मिमीला पावणेतीनच्या वर. म्हणजे १००-४०० आणि २००-६०० यांतला खरा फरक वाघ जवळ आल्यावर कळतो. ‘पायांनी झूम करा’ हा छायाचित्रणातला जुना उपदेश इथे कामाचा नाही. जिप्सीतून उतरायला बंदी असते आणि मागे दुसरी जिप्सी असली की मागे सरकणंही आपल्या हातात राहत नाही. चौकटीत आलेलं नंतर कापता येतं, बाहेर राहिलेलं जोडता येत नाही.

लांब लेन्स असली की प्राण्याला त्रास कमी होतो, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तत्त्वतः बरोबर. पण ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी अडवलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गाडी कुठे थांबते हे चालक, गाइड आणि मागे बसलेल्यांची हाव ठरवते. गळ्यात काय अडकवलंय याने ती थांबत नाही.

उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांब पल्ल्याची लेन्स वाघाबरोबर ती थरथरही मोठी करते. दहानंतर दूरच्या पाणवठ्यावरचा फोटो मऊ आला की लोक लेन्स दुरुस्तीला देतात.

दुकानात लेन्स हातात घेतल्यावर झूमचं कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावं. काही १५०-६०० लेन्सना मनगट दोनदा फिरवावं लागतं. वाघ रस्ता ओलांडायला तेवढाही वेळ घेत नाही. गाडी धावत असताना लेन्स धाकट्या टोकाला ठेवावी, प्राणी आधी रुंद चौकटीत पकडावा, मग आत जावं. जिप्सीत ट्रायपॉड मांडायला जागा नसते, तांदूळ भरलेली पिशवी दांड्यावर ठेवली की काम भागतं, मात्र इंजिन बंद करायला सांगावं. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप आवरतं, वाघाच्या पावलाचा वेग नाही. चालत्या वाघाला १/५०० तरी शटर हवंच.

एवढं ऐकून सहाशेवाले म्हणतात, त्यात काय, दुसऱ्या कॅमेऱ्यावर ७०-२०० लावून ठेवायची. खुशाल ठेवावी. पण मग धाकट्या आकड्याची गरज त्यांनाही मान्यच आहे म्हणायची, फक्त त्यासाठी ते आणखी एक कॅमेरा घेतात, आणखी एक लेन्स घेतात आणि ताडोबाची धूळ दोन्हींवर बसू देतात.