सरकार पक्ष

नांदेड जिल्ह्यातील नायगावची तहसील अलीकडची; त्यापूर्वी हा सारा मुलूख बिलोली तालुक्यात मोडत असे, आणि खुनासारख्या गंभीर अपराधाचा खटला उभा राहिला म्हणजे येथील फिर्यादी, साक्षीदार आणि पंच आजही बिलोलीच्या सत्र न्यायालयाचीच पायरी चढतात. तेथे सरकारातर्फे उभा राहणारा वकील कायद्याने पोलिसांचा ताबेदार नाही. परंतु कनिष्ठ न्यायालयात उभ्या राहणाऱ्या सरकारी वकिलाच्या पदरात ही स्वायत्तता फार सावकाश पडली.

हैदराबाद संस्थानाच्या निजामी अमलात प्रारंभी महसूल आणि फौजदारी हे दोन्ही अधिकार तालुकदार-तहसीलदारांच्या हाती एकवटलेले असल्यामुळे, ज्याने वसुली करावी त्यानेच शिक्षाही फर्मवावी, अशी स्थिती होती. १९२१ च्या फर्मानाने न्यायखाते कार्यकारी सत्तेपासून विभक्त झाले, आणि या एका बाबतीत संस्थान ब्रिटिश प्रांतांच्या पुढे होते, हे त्या राजवटीविषयी आपल्या मनात कितीही रास्त कटुता असली तरी मान्य केले पाहिजे. अदालतीची भाषा मात्र उर्दू. कुणब्याने मराठीत सांगितलेली चोरीची हकिकत मिसलीत उर्दूत उतरे, आणि ती वाचून दाखविली तरी आपलीच म्हणून त्याला ओळखू येत असे की नाही, देव जाणे.

संस्थानावरील १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, १ एप्रिल १९५१ पासून, भारताची फौजदारी प्रक्रिया संहिता येथे लागू झाली. १८९८ च्या त्या संहितेत कनिष्ठ न्यायालयातील खटला पोलीस अधिकाऱ्यानेही चालवावा अशी मुभा होती. म्हणजे तपास ज्या खात्याचा, युक्तिवादही त्याच खात्याचा. १९७३ च्या संहितेने, जी १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आली, सहायक सरकारी अभियोक्त्याचे पद निर्माण केले खरे. पण महाराष्ट्र शासनाने पोलीस अभियोक्त्यांनाच त्या पदावर नेमून त्यांचा अंमल पोलीस खात्याकडेच ठेवला, आणि पाटी बदलली तरी वरिष्ठ तेच राहिले. अखेर एस. बी. शहाणे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला १९९५ साली शासनास बजवावे लागले, की हा वर्ग पोलीस खात्यापासून अलग करून त्याचे स्वतंत्र खाते उभारावे. कायदा अमलात आल्यावर त्याचा अर्थ पाळण्यास एकवीस वर्षे लागावीत, ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

तथापि सरकारी वकील आणि पोलीस यांच्यातील हे अंतर कागदावर स्पष्ट असले तरी व्यवहारात पुसट आहे. नायगाव तालुक्यातील नरसीच्या आसपासच्या खेड्यांतून समन्स बजावीत हिंडणारा, तारखेच्या दिवशी मुद्देमाल हजर करणारा आणि बिचकलेल्या साक्षीदाराला व्हरांड्यात बसवून धीर देणारा माणूस पोलीस ठाण्याचाच असतो. निकालाच्या बातमीत सरकारी वकिलामागोमाग पैरवी अधिकारी म्हणून त्या हवालदाराचेही नाव छापून येते. ते यावे हेही योग्यच, कारण पंच फितूर झाले म्हणजे उत्तम वकिलापाशीसुद्धा उलटतपासणीची परवानगी मागण्यावाचून फारसे काही उरत नाही.